पत्ता चुकला की पत्ता खोटा दिला? लायसन्सच्या अर्जातली एक ओळ आणि कायदा



उन्हाळ्याच्या सुट्टीत बारावीची परीक्षा दिलेला आमचा एक विद्यार्थी शाळेत आला. पुण्यात त्याला पार्सल पोहोचवायचं काम मिळत होतं, पण लायसन्स नव्हतं. तीन मित्रांबरोबर तो हडपसरला एका खोलीत राहत होता आणि घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नव्हता. मग एका एजंटाने मार्ग सुचवला. मित्राच्या काकांचं कोथरूडच्या घराचं लाईटबिल लावायचं आणि शाळेकडून त्याच पत्त्याचं बोनाफाईड आणायचं. मुलगा म्हणाला, "सर, पत्ताच तर आहे. नाव खोटं नाही, वय खोटं नाही. त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवढं" याचं नीट उत्तर मला तेव्हा लगेच देता आलं नाही. नंतर कायदा काढून वाचला. आपल्यापैकी अनेकांना असा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, म्हणून जे समजलं ते इथे मांडतो.

अर्ज म्हणजे नुसता कागद नव्हे

लायसन्सच्या अर्जात शेवटी आपण सही करतो. वर दिलेली माहिती खरी आहे, असं आपण त्या सहीने सरकारला सांगत असतो. ऑनलाईन अर्जात सहीच्या जागी टिकमार्क आणि ओटीपी येतो, अर्थ तोच. फॉर्म एजंटाने भरला, सायबर कॅफेवाल्याने भरला, तरी तो निवेदन तुमचंच धरला जातो. "मी वाचलंच नव्हतं" हे सांगून सुटका होणं अवघड.

आधी एक फरक समजून घेऊ

चुकलेला पत्ता, जुना पत्ता आणि खोटा पत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

१. चुकलेला पत्ता : पिनकोडचा एक आकडा चुकला, गल्लीचं नाव राहिलं. ही चूक आहे. अर्ज करून दुरुस्त होते.

२. जुना पत्ता : बदली झाली, घर बदललं, पण कागदावर जुनंच गाव राहिलं. आपल्या शिक्षकांमध्ये हे फार. गाडीच्या बाबतीत मात्र लक्ष ठेवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४९ नुसार गाडीमालकाने राहण्याची जागा बदलल्यावर ३० दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. न कळवल्यास दंड होऊ शकतो.

३. खोटा पत्ता : आपण तिथे राहत नाही हे माहीत असताना, काही मिळवण्यासाठी तो पत्ता दिला. फौजदारी कायदा इथे सुरू होतो. कायदा बघतो तो माणसाला काय माहीत होतं आणि त्याचा हेतू काय होता हे.

लायसन्सचं काय होतं?

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ मध्ये लायसन्स कोणत्या कारणांनी काढून घेता येतं याची यादी आहे. फसवणूक करून किंवा खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवलं, हे त्यातलं एक कारण. अशा वेळी अधिकारी ठरावीक काळासाठी लायसन्स धरायला अपात्र ठरवू शकतो किंवा लायसन्सच रद्द करू शकतो. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

गाडीच्या नोंदणीलाही असाच नियम आहे. खोटी कागदपत्रं किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी केली असेल, तर कलम ५५ नुसार ती रद्द होते. २०१७ साली केरळमध्ये असं प्रकरण गाजलं होतं. तिथला रस्ताकर वाचवण्यासाठी काही धनिकांनी आणि सिनेकलावंतांनी महागड्या गाड्या पुदुच्चेरीतला पत्ता दाखवून तिथे नोंदवल्याचे आरोप झाले आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. आपल्याकडेही "परराज्यातलं पासिंग स्वस्त पडतं" असं सांगणारे भेटतात. तेव्हा हे आठवा.

शिक्षा किती?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. आपल्या विषयाशी संबंध येणारी मुख्य कलमं अशी :

• कलम २१७ : सरकारी अधिकाऱ्याने एखादी गोष्ट करावी म्हणून त्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं. १ वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• कलम २१६ : शपथेवर खोटं सांगणं. खोटं प्रतिज्ञापत्र करणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावं. ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

• कलम ३३६ आणि ३४० : फसवणुकीसाठी खोटा भाडेकरार किंवा खोटं बिल तयार केलं, तर ७ वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याने बनवलेला खोटा कागद, तो खोटा आहे हे माहीत असताना खरा म्हणून वापरला, तर वापरणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकीच शिक्षा.

प्रत्येक प्रकरणात ही सगळी कलमं लागतात असं नाही. पण एका ओळीचा खोटेपणा निभावण्यासाठी खोटं बिल, खोटा करार, खोटं प्रतिज्ञापत्र असे कागद जोडावे लागतात आणि प्रत्येक कागदाबरोबर गुन्हा वाढत जातो. लाईटबिल देणारे काका आणि मार्ग दाखवणारा एजंटही मदत केल्याबद्दल अडकू शकतात.

आणि आपण शिक्षक?

हा भाग मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी जरूर वाचावा. न्याय संहितेचं कलम २३४ खोटा दाखला देणाऱ्याबद्दल आहे. कायद्याने द्यायचा किंवा पुरावा म्हणून चालणारा दाखला, त्यातली महत्त्वाची गोष्ट खोटी आहे हे माहीत असताना सही करून दिला, तर खोटा पुरावा दिल्यासारखीच शिक्षा होते. "मुलाचं भलं होतंय" म्हणून दिलेल्या सहीलाही हे लागू होऊ शकतं. बोनाफाईडवर जनरल रजिस्टरमध्ये असेल तोच पत्ता घाला, आणि पत्ता बदलला असेल तर पालकांकडून पुरावा घेऊन आधी रजिस्टरला नोंद करा.

पालकांनीही लक्षात घ्यावं. १६ ते १८ वयाच्या मुलांना बिनगिअरच्या गाडीच्या लर्निंग लायसन्ससाठी पालकांची लेखी संमती लागते. म्हणजे त्या अर्जात तुमचाही शब्द गुंतलेला असतो. सही करण्याआधी पूर्ण फॉर्म वाचा.

मग त्या मुलाने काय करायचं?

गंमत म्हणजे त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. पूर्वी आपल्या भागातल्याच आरटीओकडे अर्ज करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात राज्यातल्या कुठल्याही लायसन्स कार्यालयाकडे अर्ज करायची सोय झाली. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग लायसन्सची परीक्षाही देता येते. गावचं घर हे त्याचं खरं घर होतं आणि आधारवर तोच पत्ता होता. तेवढं पुरेसं होतं.

ज्यांच्याकडे पत्त्याचा नेहमीचा पुरावा नसतो, त्यांच्यासाठीही रस्ता आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४ मध्ये पुराव्यांच्या यादीत प्रतिज्ञापत्राचाही समावेश आहे. खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलाने आपला खरा पत्ता शपथेवर सांगितला तर त्यात काही गैर नाही.

शिवाय पत्ता खरा असण्यात आपलाच फायदा आहे. दंडाची नोटीस, अपघातानंतरचं समन्स, आरटीओचं पत्र हे सगळं नोंदीतल्या पत्त्यावरच जातं. काकांच्या घरी गेलेलं समन्स आपल्याला कळलंच नाही, तर कोर्टात आपण गैरहजर.

वर्गात आणि घरात

शाळाप्रवेशाच्या वेळी आपण काय करतो, हेही स्वतःला विचारायला हवं. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी घर ते शाळा अंतर बघतात. काही पालक जवळचा पत्ता दाखवण्यासाठी खोटा भाडेकरार करतात. पडताळणीत उघड झालं की प्रवेश रद्द होतो, आणि ज्या गरजू मुलाची ती जागा होती, त्याची संधी आधीच गेलेली असते. पहिलीच्या प्रवेशाला घरात असा कागद बनलेला बघणारं मूल अठराव्या वर्षी "त्यात काय एवढं" म्हणालं, तर दोष कोणाचा?

नववी-दहावीच्या वर्गात एक तास यासाठी काढा. कोऱ्या अर्जाची प्रत वाटा, मुलांना तो भरू द्या, आणि शेवटी सहीच्या वरची ओळ मोठ्याने वाचायला लावा. मग विचारा, "या ओळीचा अर्थ काय?"

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी बोनाफाईड दिलं, पण गावच्या पत्त्याचं. थोडा नाराज होऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "सर, लर्निंग निघालं. एजंट पण लागला नाही."

एखादं प्रकरण प्रत्यक्ष कोर्टात किंवा चौकशीत असेल, तर मात्र वकिलांचा सल्ला घ्यावा.