पिळलेली इमारत आणि वाऱ्याचे भोवरे

गेल्या दिवाळीत मामाने मोबाइलवर शांघाय टॉवरचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "अगं, तू वाऱ्यावर पीएचडी करतेस ना? मग सांग, ही इमारत टॉवेल पिळल्यासारखी का बांधलीय? पैसा जास्त झाला की माणसाला असलं काहीतरी सुचतं, दुसरं काय!"

प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचं उत्तर इथे जरा सविस्तर देते.

शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे, १२८ मजल्यांचा. २०१५ मध्ये तो बांधून झाला आणि २०१६ मध्ये 'कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज' या संस्थेने त्याला जगातली सर्वोत्तम उंच इमारत ठरवलं. फोटोत आपल्याला त्याचा पीळ दिसतो. तो पीळ कशासाठी आहे, हे मात्र वारा कसा वागतो ते कळल्याशिवाय लक्षात येत नाही.

वारा नुसता ढकलत नाही

आपल्याला वाटतं, वारा समोरून आला की इमारत मागे झुकणार. ते होतंच. पण खूप उंच इमारतींमध्ये जास्त त्रास होतो तो आडव्या दिशेने, म्हणजे डावी-उजवीकडे हलण्याचा.

पावसाळ्यात पुलावर उभं राहून खांबामागचं पाणी बघा. खांबाच्या एका बाजूने एक भोवरा सुटतो, मग दुसऱ्या बाजूने, मग परत पहिल्या. वाऱ्याचंही इमारतीमागे हेच होतं. प्रत्येक भोवरा सुटताना इमारतीला किंचित आपल्याकडे ओढतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

आता थोडं गणित करू. एक डावा आणि एक उजवा भोवरा मिळून एक फेरी धरली, तर फेऱ्यांचा वेग काढायचा नियम सोपा आहे: वाऱ्याचा वेग भागिले इमारतीची रुंदी, आणि त्याला आकारानुसार एका आकड्याने गुणायचं. चौकोनी इमारतीसाठी हा आकडा साधारण ०.१२ असतो. समजा इमारत ५० मीटर रुंद आहे आणि वारा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे तासाला १४४ किलोमीटर. ०.१२ × ४० ÷ ५० = ०.०९६. म्हणजे साधारण दर १० सेकंदांना एक फेरी.

गंमत (आणि धोका) अशी की, प्रत्येक इमारतीची हलण्याची स्वतःची एक लय असते. शांघाय टॉवरएवढ्या इमारतीला एकदा इकडून तिकडे जाऊन परत यायला सुमारे ९ सेकंद लागतात. दोन्ही आकडे किती जवळ आलेत बघा! झोक्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का देत राहिलं तरी झोका वाढत जातो, तसंच हे. इमारत लगेच पडेल असं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या माणसांना बोट लागल्यासारखं होऊ शकतं. आणि तो हेलकावा आवरायला जास्तीचं पोलाद घालावं लागतं.

मग पिळाने काय होतं?

भोवऱ्यांचा जोर तेव्हाच वाढतो, जेव्हा ते खालपासून वरपर्यंत एकाच वेळी सुटतात. सरळ खोक्यासारख्या इमारतीत तसं सहज घडतं. शांघाय टॉवरचा आकार मात्र गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणाचा आहे, आणि तो वर जाताना निमुळता होत सुमारे १२० अंशांत फिरतो. त्यामुळे प्रत्येक उंचीवर वाऱ्याला वेगळी रुंदी आणि वेगळा कोन भेटतो. भोवऱ्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

हे विंड टनेलमध्ये, म्हणजे बंद बोगद्यात पंख्यांनी वारा सोडून, छोट्या मॉडेलवर तपासलं गेलं. पिळाचे वेगवेगळे कोन घेऊन बघितले. न पिळलेल्या खोक्याच्या तुलनेत वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी कमी झाला आणि सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरची बांधकाम सामग्री वाचली. थोडक्यात, मामा, पैसा जास्त झाला म्हणून पीळ दिलेला नाही. पिळामुळे पैसा वाचला.

दुसरीकडे उत्तरं वेगळी निघाली. तैपेई १०१ मध्ये कोपऱ्यांना दुहेरी खाचा पाडल्या आणि पायथ्यावर येणारा वाऱ्याचा आघूर्ण (इमारतीला उलथवू पाहणारा जोर) सुमारे २५ टक्क्यांनी घटला. बुर्ज खलिफाचे तीन पंख वेगवेगळ्या उंचीवर आत घेतलेत.

पण वारा एकट्या इमारतीवरून जात नाही

इथून माझ्या विषयाची हद्द सुरू होते. १ नोव्हेंबर १९६५ ला इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीज केंद्रात आठ कूलिंग टॉवरपैकी तीन वादळात कोसळले. पडले ते मागच्या रांगेतले, म्हणजे ज्यांना पुढच्यांचा आडोसा मिळायला हवा होता ते! वाऱ्याच्या क्षणिक झोतांचा जोर कमी धरला गेला होता, आणि पुढच्या टॉवरमागे खवळलेली हवा मागच्यांवर आदळेल हेही हिशोबात नव्हतं.

म्हणून पुरस्कार मिळवणारा आकार उचलून दुसऱ्या शहरात ठेवला, की झालं, असं नसतं. शांघाय टॉवरच्या शेजारी ४२१ मीटरचा जिन माओ आणि ४९२ मीटरचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटर उभं आहे. तिथला वारा, तिथले शेजारी, त्यावरचं ते उत्तर. जागा बदलली की मॉडेल परत बोगद्यात न्यावं लागतं.

आपल्याकडे आयएस ८७५ (भाग ३) हे वाऱ्याचं मानक आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत शेजारच्या इमारतींच्या परिणामाचा विचार आहे, आणि मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. पण मानक लिहिताना ठराविक आकार आणि ठराविक मांडणीच धरता येते. गिरणीच्या एका जागेवर आज दोन टॉवर असतील, दहा वर्षांनी सहा होतील. पहिल्या इमारतीची चाचणी झाली तेव्हा बाकीचे चार कुणाच्या नकाशातही नव्हते. नवीन टॉवर आपल्यापुरता सुरक्षित असला, तरी जुन्याचं काय, हे कुणी तपासायचं?

हे सगळं ऐकून मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या समोर दोन टॉवर उठतायत. आम्ही अठराव्या मजल्यावर. आम्हाला काही होईल का?"

मी सांगितलं, तुमची इमारत तशी बुटकी आणि ताठ आहे, ती शांघायसारखी डोलणार नाही. पण खिडक्यांच्या काचा, गच्चीवरचे पत्रे आणि खाली दोन टॉवरच्या फटीतून घुसणारा वारा, यांत फरक पडू शकतो. किती, ते मॉडेल करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

"मग कर की," तो म्हणाला.

तेच करतेय. दोन इमारतींमधलं अंतर बदललं की मागचीवरचा भार कसा बदलतो, ते पुढच्या लेखात.