उपजात ठरवायची कशी?

रेडिओलॅरिया हे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या अंशाएवढा; पण ते सिलिकाचा नाजूक जाळीदार सांगाडा घडवतात. जीव मेला की पेशी कुजते आणि सांगाडा तळाच्या गाळात टिकून राहतो. संशोधकाच्या हाती उरतो तो एवढाच पुरावा. त्यावरून जाती ओळखायच्या आणि त्यांतल्या उपजातीही.

जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी ‘चॅलेंजर’ जहाजाच्या समुद्रशोध मोहिमेवरील १८८७च्या अहवालात चार हजारांहून अधिक जाती नोंदवल्या. त्यांतल्या अनेक पुढे एकाच जातीची वेगवेगळी रूपे ठरल्या.

पुढे रेडिओलॅरियांच्या अभ्यासक कॅथरीन निग्रिनी यांनी अधिक सावध वाट धरली. हिंदी आणि अटलांटिक महासागरांच्या गाळाचा त्यांचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. या सांगाड्यांच्या कप्प्यांना डोके, छाती, पोट म्हणायची पद्धत आहे. हेकेल यांनीच नाव दिलेल्या लॅम्प्रोसायक्लस मॅरिटॅलिस या जातीत निग्रिनींना पोटावर लहान आणि जास्त छिद्रे असलेले रूप दिसले. त्याला त्यांनी नवी जात न मानता ‘पॉलिपोरा’ ही उपजात केले. मग नियमानुसार मूळ रूपही उपजात झाले आणि त्याचे नाव लॅम्प्रोसायक्लस मॅरिटॅलिस मॅरिटॅलिस असे तीन पदांचे बनले.

असा निर्णय एका सांगाड्यावरून घेता येत नाही. गाळातले सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि चुनखडीचे कण आम्लाने काढून टाकतात. चाळणीत उरलेले सांगाडे काचपट्टीवर बसवून मोजतात. दोन रूपे सगळीकडे सरमिसळ सापडली, तर तो एकाच जातीतला किरकोळ फरक. प्रत्येकाचा प्रदेश किंवा काळ वेगळा, पण मधली रूपेही सापडतात, असे दिसले तर उपजात म्हणायला आधार मिळतो. नाव देताना एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडून संग्रहात जपावा लागतो. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत उपजातीच्या खालच्या पातळीला स्थान नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? रेडिओलॅरियांची काही रूपे उष्ण पाण्यात अधिक आढळतात, काही थंड पाण्यात. गाळाच्या थराथरांतले त्यांचे प्रमाण मोजले की प्राचीन समुद्राच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही हिंदी महासागराच्या गाळातल्या रेडिओलॅरियांवर संशोधन झाले आहे. उपजाती एकत्र मोजल्या, तर त्यांतला फरक पुसला जातो. उगाच वाढवल्या, तर नसलेला फरक दिसू लागतो. म्हणून नव्या उपजातीच्या दाव्यात सुबक छायाचित्रापेक्षा मोजमापांचा तक्ता आणि आढळाचा नकाशा आधी पाहावा.