करवंदातले लोह किती?

मे महिना लागला की ठाण्यात खोपटच्या एस. टी. स्थानकाच्या आसपास आणि कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर रानमेव्याच्या टोपल्या दिसू लागतात. काळीभोर करवंदे, पांढरी तोरणे, मातकट रंगाचे आळू, थोड्या दिवसांनी जांभळे. येऊरच्या डोंगरातून, शहापूर-मुरबाडच्या रानांतून हा माल भल्या पहाटे निघतो आणि दुपारपर्यंत विकला गेला नाही तर नासतो. याच सुमारास वर्तमानपत्रांतून आणि आरोग्याच्या तक्त्यांवरून एक वाक्यही हमखास भेटते : 'शंभर ग्रॅम करवंदांत ३९.१ मिलिग्रॅम लोह असते.' काही शाळांच्या भिंतींवरही आम्ही ते वाचले आहे.

हा आकडा खोटा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या अन्नमूल्यांच्या पुस्तकात तो छापलेला आहे. पण त्या पुस्तकात करवंदाच्या दोन ओळी आहेत, एक ताज्या फळाची आणि एक वाळवलेल्या फळाची. ३९.१ हा आकडा वाळवलेल्या फळाच्या ओळीतला आहे. टोपलीतून द्रोणात पडते ते ताजे फळ.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहू. ताज्या करवंदात शंभर ग्रॅममागे ९१ ग्रॅम पाणी, म्हणजे कोरडा भाग फक्त ९ ग्रॅम. वाळवलेल्यात पाणी १८.२ ग्रॅम, म्हणजे कोरडा भाग ८१.८ ग्रॅम. वाळवताना लोह नव्याने तयार होत नाही. पाणी उडून जाते आणि मागे राहिलेले सगळे दाटते. ८१.८ ला ९ ने भागले की सुमारे ९ येतात. तेव्हा वाळवलेल्या फळाचा कोणताही आकडा ताज्या फळासाठी वापरायचा तर त्याला साधारण ९ ने भागले पाहिजे. ३९.१ भागिले ९.१, म्हणजे ४.३ मिलिग्रॅम.

हे गणित बरोबर आहे की नाही, याचा पडताळा त्याच दोन ओळींत मिळतो. वाळवलेल्या करवंदाचे उष्मांक ३६४ आहेत. भागाकाराने ४० येतात, आणि ताज्याच्या ओळीत ४२ छापलेले आहेत. कॅल्शियम १६०, भागून १७.६, छापलेले २१. इथवर ठीक जुळते. फॉस्फरस मात्र ६० भागून ६.६ येतो आणि छापलेला आहे २८! म्हणजे दोन नमुने वेगळ्या झाडांचे, वेगळ्या जागचे असावेत. लोहाच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवे. उघड्यावर वाळवलेल्या फळाला धूळमाती चिकटते आणि आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर आहे. प्रयोगशाळेतले यंत्र फळातले लोह आणि मातीतले लोह यांत भेद करत नाही. अनेक अन्नपदार्थांचे लोहाचे जुने आकडे फुगलेले होते, हे नंतरच्या मोजण्यांत दिसून आले. म्हणून ४.३ हीसुद्धा वरची मर्यादा समजावी, असे आमचे मत आहे.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणून शाळांमधून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती घेतल्यावर मळमळते, शौच काळी होते, आणि मुली ती टाळतात. अशा मुलीने भिंतीवरचा तक्ता वाचला तर ती सरळ हिशेब करील : दीडशे ग्रॅम करवंदे खाल्ली की झाली एक गोळी! प्रत्यक्षात एका गोळीइतक्या लोहासाठी तिला जवळजवळ १४०० ग्रॅम करवंदे खावी लागतील, तीही वर्षातल्या जेमतेम दीड महिन्यात मिळणारी. तक्त्यातला 'वाळवलेले' हा एक शब्द गळला की चूक नऊपट होते, आणि ती चूक नेमकी जिला गोळीची गरज आहे तिच्या अंगावर येते.

मग करवंदांना काही मोल नाही का? आहे, आणि ४.३ हा आकडा मुळीच कमी लेखण्यासारखा नाही. सफरचंदात शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. त्यातला सातवा हिस्सा एका मोठ्या द्रोणातून मिळत असेल तर चांगलेच आहे.

पण रानफळांचे खरे काम वेगळेच आहे, असे आम्हांला वाटते. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी यांतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. ते बहुतांशी फेरिक स्वरूपात असते. धान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला पकडून ठेवतात. जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर ते फेरिक लोहाचे फेरस करते, त्याच्याशी विरघळणारे संयुग बनवते आणि शोषण वाढवते. म्हणजे फळातले लोह किती, यापेक्षा फळ ताटातल्या नाचणीच्या भाकरीतले लोह किती सोडवते हा प्रश्न महत्त्वाचा. इथे आपल्या रानाची बाजू भक्कम आहे. त्याच जुन्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम बोरांत ७६ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, संत्र्यात ३० आणि सफरचंदात १. काजूच्या ज्या बोंडांचा कोकणात पायाखाली चिखल होतो, त्यांत १८० असते. जांभळात १८ असते, पण जांभूळ तुरट आहे, म्हणजे त्यात टॅनिनही आहे. ते जेवणाबरोबर न खाता मधल्या वेळी खाल्लेले बरे. (जांभळाच्या बियांच्या चूर्णाने मधुमेह जातो, म्हणून डॉक्टरांचे औषध बंद करणारे भेटतात. तसे करू नये, एवढेच इथे सांगतो.)

आवळ्याचा आकडा तर सर्वांना पाठ असतो : ६००. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत आवळा २५० च्या आसपास उतरला आहे. वाण, पिकण्याची अवस्था, मोजण्याची पद्धत, सगळ्यांचाच यात वाटा असू शकतो. तरीही एक मध्यम आवळा दिवसाची गरज भागवतो, तेव्हा आवळ्याच्या मानाला धक्का लागत नाही. त्याच नव्या तक्त्यांत करवंद, जांभूळ, बोर, कवठ आहेत. तोरण नाही, आळू नाही, अटकही नाही. ज्या टोपलीपासून आपण सुरुवात केली, तिच्यातली अर्धी फळे अजून राष्ट्रीय तक्त्यात यायची आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने बालमृत्यू झाले; तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. असा विषय निघाला की 'आदिवासींकडे एवढा रानमेवा असताना' अशी भाषा सभांतून ऐकू येते. शंभर ग्रॅम करवंदांतून ४२ उष्मांक मिळतात. भुकेल्या मुलाला धान्य, डाळ आणि तेल लागते. करवंदांनी त्याचे पोट भरत नाही. शिवाय पाऊस सुरू झाला की करवंदे संपतात आणि घरातल्या कणग्या रिकाम्या होण्याचे दिवस तिथूनच सुरू होतात. रानातल्या ज्या फळात खरोखर ताकद आहे, त्या चाराची बी म्हणजे चारोळी : शंभर ग्रॅममागे ५९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १९ ग्रॅम प्रथिने, ६५६ उष्मांक. पण ती बहुधा बाजारात जाते आणि शहरातल्या श्रीखंडावर पडते. गर तेवढा गोळा करणाऱ्या मुलांच्या वाट्याला येतो.

वर्गात करून पाहण्यासारखे दोन प्रयोग आहेत. पहिला पाण्याचा. शंभर ग्रॅम ताजी करवंदे मोजून घ्यावीत, प्रत्येकाचे दोन तुकडे करून जाळीखाली उन्हात वाळवावीत आणि रोज वजन करावे. वजन घटायचे थांबले की उरलेल्या वजनावरून मुलांना वरचा भागाकार स्वतःच्या आकड्यांनी करता येईल. दुसरा 'क' जीवनसत्त्वाचा. भाताची पातळ पेज गाळून तिचे चार चमचे पाण्यात मिसळावेत आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. गडद निळा रंग येतो. आता लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालून रंग जाईपर्यंतचे थेंब मोजावेत, आणि मग बोराचा, काजूच्या बोंडाचा, संत्र्याचा रस घेऊन तसेच करावे. जितके थेंब कमी, तितके जीवनसत्त्व अधिक. करवंद-जांभळाचा रस स्वतःच रंगीत असल्याने इथे कामाचा नाही. आवळ्याला फार थोडे थेंब लागतील, पण त्यातले टॅनिनही आयोडीनचा रंग घालवते, हे मुलांना सांगावे. प्रयोगातले रस अर्थातच पिऊ नयेत.

शेवटी फळे गोळा करण्याविषयी. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातले. एक आपण खातो, दुसरी विषारी आहे. दोघांनाही पांढरा चीक येतो. तेव्हा रूपसाम्यावरून किंवा 'पाखरे खातात' म्हणून कोणतेही फळ तोंडात घालू देऊ नये. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. फळ ओळखण्यासाठी सहलीला गावातली किंवा पाड्यावरची जाणती बाई बरोबर असावी; ती सांगेल ते स्थानिक नाव, महिना आणि जागा वहीत लिहून, पानाफुलांसकट एक डहाळी दाबून ठेवावी. नुसते नाव पुरत नाही. 'आळू' म्हणून कळवले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फतफत्याची पाने उभी राहतील.