पितळी वाद्यांची रिकामी रांग

गोव्याच्या कोंकणी गायिका लोर्ना कोर्देरो ऐंशीच्या घरात आल्या, त्या निमित्ताने त्यांच्या गीतांना वाद्यवृंदाची जोड देऊन केलेल्या एका गौरव-मैफलीस परवा डहाणूहून मुद्दाम जाऊन आलो. गायिकेची प्रशस्ती यथासांग झाली, व्हायोलिनवादकही होते, परंतु ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांची रांग जेथे बसावयाची तेथे एकच कीबोर्ड मांडलेला पाहून मनाला जो चटका बसला, तो अद्याप शमलेला नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन ॲबी यांचा बँड आला आणि चर्चच्या पाठशाळांत स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले, हा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. मला थांबावयाचे आहे ते 1965 नंतरच्या दशकापाशी. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये तेव्हा गोमंतकीय संगीतकार ख्रिस पेरी यांचा बँड वाजे आणि लोर्ना गात. तेथे पाऊल टाकण्याची माझ्यासारख्या कारकुनाची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही डहाणूत तबकडीवर भागवीत असू. 'बेबदो' हे त्यांचे गाणे लावले, की लोर्नांचा भरदार आवाज ओळीच्या शेवटास पोहोचतो न पोहोचतो तोच पितळी वाद्ये त्यास जबाब देत, आणि त्या सवालजबाबातच गाण्याचा प्राण होता. त्या काळी ज्या संभावित रसिकांनी या संगीतास हॉटेलातला थिल्लरपणा म्हणून हिणविले, तेच सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस आणि चिक चॉकलेट या गोमंतकीयांच्याच वाद्यसंयोजनाने नटलेली चित्रपटगीते ऐकून माना डोलावीत. श्रेय मात्र संगीतकाराच्या खाती जमा होई. हा अन्याय मी विसरलेलो नाही.

पुढे पेरी आणि लोर्ना यांची साथ सुटली, लोर्नांचा आवाज दोन तपे मूक राहिला, 1995 साली रॉनी मोन्सेराते यांनी तो पुन्हा रसिकांसमोर आणला, आणि 2002 मध्ये पेरी निवर्तले.

वादकाची जागा यंत्राने घ्यावी, हाच मामला आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलखातही आहे. भाताची कापणी झाली की वारली पाड्यावर तारपा वाजे. सुक्या भोपळ्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या नळ्यांवर बोटे फिरवीत, गाल फुगवून, श्वास न तोडता तारपकरी चाल बदली, की सारा फेर आपली पावले बदली, आणि नाचणारा कोणीही त्याला पाठ दाखवीत नसे. अलीकडे एका समारंभात हाच नाच ध्वनिमुद्रित तारप्यावर झालेला मी पाहिला. ध्वनिमुद्रण पावलांकडे पाहत नाही. नाचणारे थकले आहेत की रंगात आले आहेत, हे जाणून चाल लांबविणारा वा आटोपती घेणारा माणूसच तेथून नाहीसा झाला होता.

ट्रम्पेट फुंकणारे गोव्यात आजही आहेत आणि तारपकरीही आमच्या पाड्यांवर आहेत. पुढील गौरव-मैफलीच्या खर्चाची तजवीज होईल तेव्हा रोषणाई आणि हारतुरे यांच्या आधी या वादकांची बिदागी लिहिली जावी आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांची नावे गायिकेच्या नावाखाली, त्याच टाईपात छापली जावीत.