आंबिल ओढ्याला भिंत हवी. पण आधी पाण्याचा हिशेब हवा

पुणे / प्रतिनिधी

पुण्यातील पूर म्हटला की जुन्या पुणेकराला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय आठवतो आणि त्याची नजर आपसूक मुठेकडे वळते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मात्र पाणी मुठेतून आले नाही. ते आले कात्रजच्या डोंगराकडून, ज्या प्रवाहाला अनेक नागरिक तोपर्यंत 'नाला' म्हणूनच ओळखत होते त्या आंबिल ओढ्यातून. पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत सोसायट्यांचे तळमजले पाण्याखाली गेले, वाहनतळातील गाड्या एकमेकींवर चढल्या आणि ओढ्याकाठच्या सीमाभिंती कोसळल्या. अरण्येश्वर भागातील टांगेवाले कॉलनीत भिंत पडून अनेकांचा बळी गेला. त्या रात्री शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली.

त्यानंतर महापालिकेने काही ठिकाणी भिंती आणि कल्व्हर्टची कामे हाती घेतली. काही ठिकाणी खासगी जागेत सार्वजनिक पैसा खर्च करता येतो की नाही, या वादात भिंतींचे काम अडले. ओढ्याकाठच्या रहिवाशांची मागणी एकच राहिली : 'आमची भिंत बांधून द्या.' ही मागणी चुकीची नाही. ज्याच्या शयनगृहापासून ओढ्याचा काठ चार पावलांवर आला आहे, त्याला जलशास्त्राचे धडे देणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहता भिंत हा ओढ्याच्या नियोजनातील शेवटचा निर्णय असतो. तो पहिला घेतला, तर पुढच्या मोठ्या पावसात तीच भिंत पुन्हा ओढ्यात दिसण्याची शक्यता अधिक.

पेशवेकालीन ओढा

आंबिल ओढ्यात मानवी हस्तक्षेप झाला तो आजचा नव्हे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे पाणी अडवून ते दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पोहोचवले. त्याच काळात ओढ्याचे पाणी पर्वतीच्या पायथ्याशी अडवून तळे करण्यात आले आणि शहराकडे जाणारा मूळ प्रवाह वळवण्यात आला. तळे कालांतराने नाहीसे झाले आणि तेथे सारसबाग झाली. 'तळ्यातला गणपती' या नावात तेवढी त्याची खूण उरली. पेशवाईतील या कामांचे गोडवे नेहमी गायले जातात. त्यातील एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. त्या योजनेत पाणी वरच्या अंगालाच थोपवण्याला पहिले स्थान होते. आजचे नियोजन खालच्या अंगाला पाणी लवकरात लवकर पुढे ढकलण्याभोवती फिरते.

पाऊस तोच, पाणी अधिक

ओढा का फुगतो, याचे उत्तर साध्या गणितात सापडते. एक चौरस किलोमीटर जमिनीवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या पाण्याचे आकारमान एक लाख घनमीटर होते. जमीन गवताळ, झाडीची आणि मुरमाड असेल आणि त्यातील तीस टक्केच पाणी वाहून ओढ्यात आले, तर तासाभराचा सरासरी विसर्ग सुमारे ३०० क्युसेक होईल. त्याच जमिनीवर इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि फरसबंद अंगणे झाली व ऐंशी टक्के पाणी वाहू लागले, तर विसर्ग सुमारे ८०० क्युसेकवर जातो. शिवाय गटारे आणि पावसाळी वाहिन्यांतून ते पाणी अधिक लवकर पोहोचते. पूर्वी जे पाणी हळूहळू आले असते, ते आता एका लोंढ्याने येते. पाऊस एका थेंबानेही वाढलेला नसताना ओढ्यावरील भार अडीचपटीहून अधिक झालेला असतो.

आंबिल ओढ्याच्या बाबतीत यात आणखी एक अडचण होती. ओढ्याच्या वरच्या अंगाचा परिसर दीर्घकाळ महापालिकेच्या हद्दीबाहेर होता. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झाली. तोवर डोंगरउतारावर काय बांधले जाते याचा निर्णय एका यंत्रणेकडे आणि त्यातून येणारे पाणी वाहून नेण्याची जबाबदारी दुसरीकडे, अशी विभागणी होती. आता हद्द एक झाली असल्याने संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा एकत्रित आराखडा करण्यास निदान प्रशासकीय सबब उरलेली नाही.

काठ का खचतात?

पुराइतकाच गंभीर, पण कमी चर्चेत असलेला प्रश्न झिजेचा आहे. पूर ओसरला की बातमी संपते. काठ मात्र प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा मागे सरकत राहतो.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा आघात चौपट होतो. पाणी किती वजनाचा दगड ढकलू शकते, याचा एक जुना ठोकताळा तर त्याहून धडकी भरवणारा आहे. त्यानुसार वेग दुप्पट झाल्यास ६४ पट वजनाचा दगड हलतो. ओढ्याचे पात्र अरुंद केले की तेवढेच पाणी कमी जागेतून जाताना वेग घेते. वळण काढून प्रवाह सरळ केला की अंतर घटते, उतार वाढतो आणि वेग पुन्हा वाढतो. हा वाढलेला वेग पात्राच्या तळाची माती उकरू लागतो. तळ खाली गेला की काठ उंच आणि उभा होतो, आणि एका ओल्या रात्री तो स्वतःच्याच वजनाने खाली येतो.

सोसायट्यांच्या अनेक भिंती मुळात कुंपणाच्या भिंती असतात. मालमत्तेची हद्द दाखवणे एवढेच त्यांचे काम. पूर आल्यावर त्यांच्याकडून धरणाचे काम करण्याची अपेक्षा केली जाते. भिंतीच्या एका बाजूस तीन मीटर पाणी साचले आणि दुसरी बाजू कोरडी असली, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पाण्याचा साडेचार टनांचा आडवा दाब येतो. तेवढ्याच उंचीच्या दीड फूट जाडीच्या वीट-भिंतीचे स्वतःचे वजन मीटरमागे तीन टनांच्याही आत भरते. त्यात पाया उथळ असेल आणि त्याखालची माती प्रवाहाने आधीच उकरलेली असेल, तर भिंत उभी राहण्यास काही कारणच उरत नाही.

पूर उतरतानाही धोका संपत नाही. ओढ्याची पातळी झपाट्याने खाली जाते. भिंतीमागची माती मात्र पाण्याने गच्च असते. बाहेरचा आधार गेला आणि आतला दाब तसाच राहिला की भिंत ओढ्याच्या बाजूला कलंडते. म्हणूनच संरक्षक भिंतीत पाणी झिरपून जाण्यासाठी भोके आणि मागे खडी-वाळूचा गाळणथर ठेवावा लागतो. भिंतीची उंची पूर्वगणनपत्रकात ठळकपणे असते आणि रहिवाशांच्या नजरेतही तीच भरते. पायाची खोली आणि मागचा गाळणथर यांबद्दल क्वचितच कोणी विचारतो. भिंत पडते ती बहुधा याच दोन ठिकाणी.

नियोजनाचा क्रम

ओढ्याच्या सुधारणेचा आराखडा पावसापासून सुरू व्हायला हवा. किती वेळात किती तीव्रतेचा पाऊस कितीदा पडतो, याची आकडेवारी त्यासाठी लागते. शिवाजीनगरच्या वेधशाळेतील नोंद कात्रजच्या घाटातील पावसाबद्दल फारसे सांगू शकत नाही; डोंगरावर पडणारी सर शहराच्या मध्यभागी पोहोचतेच असे नाही. ओढ्याच्या उगमाकडील स्वयंचलित पर्जन्यमापक त्यामुळे दुहेरी उपयोगाचा ठरतो. आराखड्यास आकडे मिळतात आणि पावसाळ्याच्या रात्री खालच्या वस्तीला थोडी तरी पूर्वसूचना मिळू शकते.

मग किती मोठ्या पुरासाठी तयारी करायची, हे ठरवावे लागते. महाराष्ट्रात नद्यांसाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. '२५ वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षे निर्धास्त, असे नव्हे. दर वर्षी त्याची शक्यता चार टक्के असते. वीस वर्षांचे गृहकर्ज फेडून होईपर्यंत असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता ५५ टक्क्यांहून अधिक भरते. शंभर वर्षांच्या पुरासाठीही त्याच मुदतीत ती सुमारे १८ टक्के असते. ओढ्याकाठी सदनिका घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

विसर्ग ठरल्यावर पात्राची तपासणी होते. ठरावीक अंतरावर ओढ्याचे आडवे छेद घेऊन कोठे किती पाणी मावते, हे पाहिले जाते. ओढ्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेइतकीच असते, आणि ती जागा बहुतेक वेळा एखादा कल्व्हर्ट असते. रस्त्याखालून टाकलेले दोन-तीन नळ, त्यांच्या तोंडाशी अडकलेला कचरा आणि झाडाच्या फांद्या, आडव्या गेलेल्या जलवाहिन्या, पात्रातच उभी केलेली मैलावाहिन्यांची चेंबर आणि काठाने टाकलेला राडारोडा, असे सगळे अडथळे एकत्र आले की पाणी मागे तुंबते आणि रस्त्यावरून वाट काढते. रुंद पात्राला अरुंद कल्व्हर्ट असेल तर वरच्या अंगाची सगळी भिंत व्यर्थ ठरते.

खालच्या टोकाचा विचारही आवश्यक आहे. ओढा मुठेला मिळतो. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू असेल आणि नदीची पातळी चढलेली असेल, तर ओढ्याचे पाणी नदीत उतरत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात मुठेचे पाणी शिरले, तेव्हा नदी किती फुगू शकते हे शहराने पाहिले. ओढ्याचा पूर आणि नदीचा पूर एकाच वेळी आला तर काय, हा प्रश्न आराखड्यात गृहीत धरावाच लागतो.

सरळ केलेला ओढा

उपायांमध्ये सर्वांत वादग्रस्त ठरला तो प्रवाह बदलण्याचा. २४ जून २०२१ रोजी दांडेकर पुलाजवळील आंबिल ओढा वसाहतीत महापालिकेने घरे पाडण्याची कारवाई सुरू केली. विकास आराखड्यातील मार्गानुसार ओढा सरळ करणे, हा त्यामागील युक्तिवाद होता. भर पावसाळ्यात झालेल्या या कारवाईस तीव्र विरोध झाला आणि न्यायालयाने त्याच दिवशी तिला स्थगिती दिली. वळणावर पाणी धडकून तुंबते, हे खरे. मात्र सरळ केलेल्या प्रवाहाचा वाढलेला वेग पुढे कोणाच्या काठावर आदळणार, याचे उत्तर गणिताने द्यावे लागते. नकाशावरील सरळ रेघ ते देऊ शकत नाही. सर्वांत आधी घर कोणाचे जाते, हा प्रश्न त्याहून वेगळा आणि अधिक टोचणारा आहे. ओढ्याचे पात्र अनेक मोठ्या बांधकामांनीही आवळले असताना पहिला जेसीबी झोपडीपुढे उभा राहतो.

अन्य उपाय कमी दिखाऊ आहेत. पात्राच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे बांध किंवा पायऱ्या घातल्या की उतार तुटतो आणि पाण्याचा जोर तेथेच खर्ची पडतो. काठासाठी जेथे जागा आहे तेथे उभ्या काँक्रीटऐवजी तारेच्या जाळीत दगड भरून केलेली गॅबियनची उतरती रचना चालते. ती थोडी खचली तरी कोसळत नाही, आणि पाणी तिच्यातून झिरपून जाते. इमारती अगदी काठाला भिडल्या आहेत तेथे मात्र खोल पायाच्या काँक्रीट भिंतीवाचून गत्यंतर नाही. तसेच कात्रजचे तलाव. पावसाळ्याच्या अखेरीस ते आधीच काठोकाठ भरलेले असतील, तर वरून येणारे सगळे पाणी सांडव्यावरून थेट ओढ्यात येते. पातळी थोडी खाली राखली, तर पहिला लोंढा तेथे सामावता येतो. तलावातील पाणी कमी दिसले की लगेच तक्रारी सुरू होतात, त्यामुळे हा उपाय कागदावर जितका सोपा तितका प्रत्यक्षात नाही. मोकळी मैदाने आणि उद्याने तासा-दोन तासांपुरती पाणी साठवण्यासाठी खोलगट करणे, हाही मार्ग आहे. त्यासाठी मात्र मैदान शिल्लक असावे लागते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. वरच्या अंगाचे पात्र आधी रुंद आणि गुळगुळीत केले, तर खालच्या अरुंद भागावर पाण्याचा लोंढा अधिक वेगाने जाऊन आदळतो. म्हणून रुंदीकरण व कल्व्हर्टची कामे नदीच्या टोकाकडून वर जावीत आणि पाणी थोपवण्याची कामे डोंगराकडून खाली यावीत, असा संकेत आहे. प्रभागनिहाय निधी आणि प्रभागनिहाय निविदा या पद्धतीत तो पाळणे अवघड होते. एका सोसायटीने तिच्यापुरती भक्कम, उंच भिंत उभी केली की पाणी समोरच्या काठावर ढकलले जाते. समोरची सोसायटी मग स्वतःची भिंत आणखी उंच मागते आणि ओढा दोघांमध्ये आवळला जातो.

आपल्या सोसायटीमागे भिंतीचे काम मंजूर झाल्यास रहिवाशांनी महापालिकेकडे तीन गोष्टी मागाव्यात : आराखड्यात गृहीत धरलेला विसर्ग व पुराची पातळी, पायाची खोली तळाच्या किती खाली आहे याचा छेद, आणि लगतच्या वरच्या व खालच्या कल्व्हर्टची क्षमता. माहिती अधिकाराच्या अर्जाने ही कागदपत्रे मागता येतात. २०१९ च्या पुराची खूण अजून ज्या भिंतींवर आहे, तेथे आराखड्यातील पातळी तिच्याशी जुळवून पाहणे हे तर कोणालाही जमण्यासारखे काम आहे.