पेशी टोळीने कशा सरकतात?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये 1941 पासून कॅन्सरवर उपचार होतायत. तोंडाची गाठ काढली की तिचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली जातो आणि तिची कड बारकाईने बघितली जाते. बऱ्याचदा तिथे एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे पुंजके आजूबाजूच्या मांसात घुसलेले दिसतात. म्हणजे पेशी टोळीने निघाल्यात.

पण दिशा कळते कशी? पेशींना ना डोळे, ना कान. लालबागच्या विसर्जनाच्या गर्दीत हात धरून साखळी केलेली पोरं आठवा. पुढच्याने ओढलं की मागच्याला ताण कळतो, ओरडावं लागत नाही. पेशींची ही पकड म्हणजे ई-कॅडहेरिन हे प्रथिन. पुढची पेशी पंजा पसरते, खालची जमीन धरते आणि ओढते. मागच्या पेशीत सांध्यापाशी मर्लिन नावाचं प्रथिन बसलेलं असतं, जणू ब्रेकच. ताण आला की ते तिथून सुटतं आणि पेशी त्याच बाजूला पंजा काढते. तमल दास आणि सहकाऱ्यांनी हे 2015 मध्ये दाखवलं.

गंमत म्हणजे कापलेल्या बोटाची कातडीही अशीच टोळीने सरकत जखम झाकते. त्यामुळे औषधाने ही साखळी तोडायची म्हटलं तर जखमा भरणंही अडू शकतं. शिवाय पकड सुटली की काही कॅन्सरपेशी एकेकट्याच सटकतात.