व्हिसामुक्त अल्पकालीन वास्तव्याच्या मर्यादा : एक आकलन
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बोईसर-तारापूर परिसराला परदेशी माणूस नवा नाही. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार उभारलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. त्यामागोमाग औद्योगिक वसाहतही विस्तारली. आज या परिसरात यंत्रे बसवण्यासाठी परदेशी तंत्रज्ञ येतात, उपाहारगृहांत नेपाळी कामगार दिसतात आणि अनेक घरांतील मुले परदेशात स्थायिक झालेली आढळतात. त्यामुळे 'कोणाला किती दिवस राहता येते?' हा प्रश्न केवळ पारपत्र कार्यालयापुरता उरलेला नाही. तो कुटुंबांना, कारखान्यांना आणि महाविद्यालयांनाही पडतो.

या प्रश्नाभोवती एक गैरसमज दृढ झाला आहे. 'व्हिसा लागत नाही' याचा अर्थ 'हवे तितके राहावे, हवे ते करावे' असा घेतला जातो. वस्तुतः व्हिसामुक्त प्रवेश ही सशर्त सवलत असते. प्रत्येक सवलतीला मुदत, मोजणीची पद्धत आणि हेतू अशा तीन बाजू असतात. बहुतेकांचे लक्ष केवळ मुदतीकडे जाते. चूक मात्र उरलेल्या दोन बाजूंत घडते. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंचा विचार केला आहे.

भारतातील स्थिती

भारताने व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत अत्यंत मोजक्या देशांच्या नागरिकांना दिली आहे. नेपाळशी ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमान्वये दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर वास्तव्य, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत समान सवलती मिळतात. म्हणून बोईसरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या नेपाळी नागरिकाला व्हिसा लागत नाही, दिवसांची मर्यादाही नसते. भूतानच्या नागरिकांनाही व्हिसा लागत नाही.

मालदीवच्या नागरिकांची स्थिती वेगळी आहे. मार्च २०१९ पासून अमलात आलेल्या द्विपक्षीय करारानुसार त्यांना पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, वैद्यकीय उपचार अशा कारणांसाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते. येथे सवलत आहे आणि तिला कालमर्यादाही आहे.

उर्वरित बहुसंख्य परदेशी नागरिकांना व्हिसा आवश्यकच असतो. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेली व पुढे 'ई-व्हिसा' या नावाने रूढ झालेली व्यवस्था सुलभ असली, तरी तीही व्हिसाच होय. तारापूरच्या कारखान्यात यंत्र बसवण्यासाठी येणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाला पर्यटक व्हिसावर ते काम करता येत नाही. कामाच्या स्वरूपानुसार त्याला व्यवसाय अथवा रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या आपल्या आप्तांसाठी 'ओसीआय' कार्डाची स्वतंत्र तरतूद २००५ पासून आहे. त्यावर भारतात कितीही वेळा येता येते व वास्तव्याला दिवसांचे बंधन नसते.

दिवसांची मोजणी

मुदतीचा आकडा समजला, तरी मोजणी समजली असे होत नाही. पहिली बाब म्हणजे ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलै ते ३० सप्टेंबर हा काळ ९२ दिवसांचा भरतो. दुसरी बाब म्हणजे मोजणीची रीत देशागणिक बदलते. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेखाली (भारत या योजनेत नाही) ९० दिवस मिळतात. परंतु त्या काळात कॅनडा किंवा मेक्सिकोला अल्पकाळ जाऊन परत आल्याने मोजणी सामान्यतः नव्याने सुरू होत नाही.

युरोपातील शेंगेन करारातील देशांचा नियम अधिक सूक्ष्म आहे. 'कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवस' असा हा नियम ऑक्टोबर २०१३ पासून सध्याच्या स्वरूपात लागू आहे. व्हिसामुक्त प्रवेश करणारा अमेरिकन नागरिक आणि बहुप्रवेश अल्पकालीन व्हिसा घेऊन लेकीकडे जाणारी पालघरची माता, या दोघांनाही तो सारखाच लागू पडतो. येथे १८० दिवस पुढे मोजायचे नसून वास्तव्याच्या प्रत्येक दिवशी मागे वळून मोजायचे असतात. प्रवेशाचा व निर्गमनाचा, हे दोन्ही दिवस गणनेत धरले जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, ही माता १० जानेवारी २०२६ रोजी जर्मनीत पोहोचली व १० मार्चला परतली. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८ व मार्चचे १० असे एकूण ६० दिवस झाले. ती पुन्हा १ जूनला गेली. त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजल्यास ४ डिसेंबर २०२५ ही तारीख येते. म्हणजे आधीचे सर्व ६० दिवस हिशेबात राहतात. उरलेले ३० दिवस ३० जूनला संपतात. १ जुलैला ती तेथेच असल्यास तो मुदतबाह्य वास्तव्याचा पहिला दिवस ठरतो, मग व्हिसाच्या वैधतेची तारीख कितीही पुढची असो. जानेवारीतील दिवस गणनेतून गळू लागतात ते ९ जुलैपासून. म्हणजे ३० जूनपर्यंत परतून ९ जुलै वा त्यानंतर पुन्हा जाणे नियमात बसते. सलग राहणे बसत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने पारपत्रावरील पुसट शिक्क्यांचा आधार घेण्याचे दिवस सरले आहेत.

हेतूची मर्यादा

तिसरी बाजू हेतूची. ती दुर्लक्षिली गेल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण इराणचे आहे. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून सामान्य पारपत्रधारक भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला. अटी स्पष्ट होत्या : सहा महिन्यांतून एकदा, कमाल १५ दिवस, मुदतवाढ नाही, केवळ पर्यटनासाठी आणि केवळ हवाई मार्गाने. तथापि नोकरीचे किंवा पुढे अन्य देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून काही भारतीयांना तेथे नेण्यात आले व खंडणीसाठी त्यांचे अपहरण झाल्याचे प्रकार उघडकीस आले. परिणामी २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत स्थगित झाली.

औद्योगिक पट्ट्यातील आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे. व्हिसामुक्त पर्यटनाच्या सवलतीवर परदेशी नोकरी मिळत नाही. 'व्हिसाची गरज नाही, तेथे गेल्यावर कामाचे पाहू' असे सांगणारा मध्यस्थ विद्यार्थ्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर नेत असतो.

महाविद्यालयांची जबाबदारी

भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५' अमलात आला. १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द झाले. मुदतबाह्य वास्तव्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. निवासाची सोय पुरवणारे, शैक्षणिक संस्था व रुग्णालये यांच्यावरही परदेशी व्यक्तींची माहिती देण्याचे दायित्व आहे. परदेशी पाहुण्याच्या आगमनाची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करण्याची पद्धत 'सी फॉर्म' या नावाने हॉटेलचालकांना परिचित आहे. अतिथिगृह वा वसतिगृह चालवणाऱ्या महाविद्यालयांनीही ती लक्षात ठेवावी. आंतरराष्ट्रीय चर्चासत्रास परदेशी वक्ता बोलावताना परिषद-व्हिसा हा स्वतंत्र प्रकार असतो, हेही निमंत्रणपत्र पाठवण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

समारोप

सारांश, व्हिसामुक्त वास्तव्याचा विचार करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : किती दिवस, ते कसे मोजायचे आणि कशासाठी. नेपाळचा करार, शेंगेनची गणना आणि इराणची स्थगित सवलत ही तीन उदाहरणे या तीन प्रश्नांचे महत्त्व दाखवतात. सवलती बदलत असल्याने प्रवासापूर्वी संबंधित दूतावासाची अद्ययावत सूचना पाहणे अपरिहार्य आहे. विद्यार्थी आणि पालक असे प्रश्न घेऊन प्रथम आपल्याकडेच येतात. 'व्हिसा लागत नाही' या अर्धवट उत्तरावर न थांबता उरलेले दोन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे, ही प्राध्यापक म्हणून आपली जबाबदारी आहे.